पाळतीची बातमी देणारे मुक्त पत्रकार

फोन कोण ऐकतं, मेल कोण वाचतं, आपली माहिती कुणाच्या हाती लागते, यावर आज बहुतेक वर्तमानपत्रांत कुणी ना कुणी लिहीत असतं. पण ही बातमीदारी ज्यांनी उभी केली, त्यातले अनेक जण कुणाच्याच पगारावर नव्हते. संरक्षण खातं बघणारा वार्ताहर वेगळा, गुन्हेवार्ता करणारा वेगळा आणि तंत्रज्ञानाचं पान नव्या उपकरणांनी भरलेलं. पाळत हा विषय कुणाच्याच वाट्याला यायचा नाही. त्यात एकेका बातमीमागे वर्षं घालवावी लागत. रोजचं पान लावणाऱ्या संपादकाला ते परवडत नसे. मग विषयाने झपाटलेला एखादा पदरमोड करून मागे लागायचा.

1976 मध्ये लंडनच्या 'टाइम आउट' साप्ताहिकात डंकन कॅम्पबेल आणि मार्क होझेनबॉल यांचा लेख आला. जगभरचे संदेश टिपणारी ब्रिटनची जीसीएचक्यू ही संस्था काय करते, हे त्यात मांडलं होतं. होझेनबॉल अमेरिकी नागरिक, त्यांना देशाबाहेर काढण्यात आलं. कॅम्पबेल तेव्हा पंचविशीच्या आतले. फेब्रुवारी 1977 मध्ये ते आणि क्रिस्पिन ऑब्री हे सहकारी लष्कराच्या संदेश विभागातून निवृत्त झालेल्या जॉन बेरी यांच्या घरी गेले. तीनेक तास बोलणं झालं, टेप चालू होती. बाहेर पडताच तिघांनाही पोलिसांनी ताब्यात घेतलं आणि तीच टेप सरकारी पक्षाचा पुरावा झाली. 1978 मध्ये खटला उभा राहिला तेव्हा हेरगिरीचं मोठं कलम टिकलं नाही. दोघे पत्रकार किरकोळ कलमाखाली दोषी ठरून सशर्त सुटले. बेरींना सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचते ती टेप. माहिती देणारा माणूस पत्रकाराच्याच नोंदीमुळे अडकू शकतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

कॅम्पबेल थांबले नाहीत. ऑगस्ट 1988 मध्ये 'न्यू स्टेट्समन'मध्ये त्यांनी एशलॉन या आंतरराष्ट्रीय टेहळणी जाळ्याबद्दल लिहिलं. असं जाळं आहे हे युरोपीय संसदेच्या समितीने मान्य केलं 2001 मध्ये, म्हणजे 13 वर्षांनी. तेवढा काळ अशा बातमीवर ठाम राहणं एकट्या माणसाला किती जड जात असेल!

मधल्या काळात न्यूझीलंडचे निकी हेगर याच जाळ्यातला आपल्या देशाचा वाटा शोधत होते. आतल्या माणसांना गाठून, तुकडा तुकडा जोडून त्यांनी 1996 मध्ये पुस्तक काढलं. प्रस्तावना माजी पंतप्रधान डेव्हिड लाँगी यांची. आपण पंतप्रधान असताना आपल्यालाच न सांगितलेल्या गोष्टी या पुस्तकातून कळल्या, असं त्यांनी त्यात लिहिलं. पुढे 2014 मध्ये एका वेगळ्या बातमीवरून पोलिसांनी हेगर यांच्या घराची झडती घेतली आणि कॉम्प्युटर उचलून नेले. झडती बेकायदा होती असा निकाल 2015 च्या डिसेंबरात आला, पोलिसांची माफी 2018 मध्ये.

या सगळ्याला जोड मिळाली एन्क्रिप्शनची. फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये पीजीपी हे संदेश कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर सर्वांना मोकळं केलं आणि त्यापायी त्यांच्यावर निर्यातबंदी मोडल्याची चौकशी 1996 पर्यंत चालली. पत्रकारांनी मात्र हे साधन हाती घ्यायला फार वर्षं लावली. डिसेंबर 2012 मध्ये अमेरिकेच्या एनएसए या टेहळणी संस्थेसाठी कंत्राटावर काम करणारे एडवर्ड स्नोडेन यांनी नाव लपवून पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना मेल केली: पीजीपी बसवा, मग बोलू. ग्रीनवाल्ड यांच्याकडून ते राहून गेलं. कसं बसवायचं याचा व्हिडिओ करून पाठवला, तरीही राहिलं. शेवटी जानेवारी 2013 मध्ये स्नोडेन लॉरा पोइट्रास यांच्याकडे वळले. पोइट्रास स्वतंत्र माहितीपटकार. 2006 पासून अमेरिकेच्या विमानतळांवर त्यांना पुन्हा पुन्हा अडवून प्रश्न विचारले जात होते, म्हणून कुलूपबंद मेल त्या आधीच शिकून बसल्या होत्या. स्नोडेन यांनी दिलेल्या गुप्त कागदांवरची पहिली बातमी छापून आली 5 जून 2013 ला. ती घडली यात त्यांच्या त्या सवयीचा वाटा फार मोठा आहे, असं मी मानतो.

त्याच वर्षी सूत्रांनी निनावी कागद पाठवावेत म्हणून सिक्युअरड्रॉप ही यंत्रणा अनेक वृत्तसंस्थांकडे जाऊ लागली. तिला वेगळे कॉम्प्युटर लागतात, कायम लक्ष ठेवणारा जाणकार लागतो. शब्दांच्या दराने मानधन घेणाऱ्या मुक्त पत्रकाराला हे कुठून जमणार? वृत्तपत्राला वकील असतो. मुक्त पत्रकाराच्या करारात कित्येकदा उलट कलम असतं, की दावा झाला तर खर्च लेखकाचा.

सायबर गुन्ह्यांवर लिहिणारे ब्रायन क्रेब्स 2009 मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'मधली नोकरी गेल्यावर स्वतंत्र झाले. जुलै 2013 मध्ये त्यांच्या घरी टपालाने हेरॉइनच्या पुड्या आल्या. एका गुन्हेगाराने वर्गणी काढून त्या मागवल्या होत्या. पुड्या पोहोचल्या की पोलिसांना खबर द्यायची, असा बेत होता. क्रेब्स या गुन्हेगारांच्या गप्पा गुपचूप वाचत होते, म्हणून टपाल यायच्या आधीच त्यांनी पोलिसांना कळवून ठेवलं. सप्टेंबर 2016 मध्ये त्यांच्या संकेतस्थळावर ते बंद पाडण्यासाठी सेकंदाला सुमारे 620 गिगाबिट डेटाचा मारा झाला, तोही घराघरांतल्या असुरक्षित कॅमेऱ्यांमधून आणि राउटरमधून. फुकट संरक्षण देणाऱ्या कंपनीला तो भार पेलला नाही. मग अशा माऱ्यांपासून वाचवणाऱ्या गूगलच्या प्रोजेक्ट शील्ड या सेवेने त्यांना आसरा दिला.

पेगसससारखं हेरसॉफ्टवेअर आल्यावर संदेशाचं कुलूप पुरेनासं झालं, कारण ते फोनमध्येच शिरतं आणि कुलूप लागायच्या आधीचा मजकूर वाचतं. पेगसस वापरणाऱ्या ग्राहकांनी पाळतीसाठी निवडले असावेत अशा 50,000 हून जास्त फोन क्रमांकांची यादी जुलै 2021 मध्ये उघड झाली, तिच्यात मेक्सिकोचे मुक्त पत्रकार सेसिलिओ पिनेदा बिर्तो यांचा क्रमांक होता. टोळी आणि पोलीस यांच्या संगनमतावर ते बोलत असत. 2 मार्च 2017 ला गाडी धुऊन होईपर्यंत ते झोळीत पडून होते, तिथेच त्यांना गोळ्या घातल्या. त्यांचा क्रमांक यादीत आला होता त्याच्या काही आठवडे आधी. फोन घटनास्थळावरून नाहीसा झाला, त्यामुळे पेगसस त्यात शिरलं होतं का, हे कुणालाच तपासता आलं नाही.