धारावी: आशियातली सर्वांत मोठी झोपडपट्टी?
हे बिरुद धारावीला वर्षानुवर्षं चिकटलंय आणि ते चुकीचं आहे. धारावी जेमतेम दोन-अडीच चौरस किलोमीटरची. कराचीतलं ओरंगी तिच्या कितीतरी पट पसरलेलं आहे.

मला त्याहून जास्त खटकतो तो दुसरा समज: इथे सगळे काल-परवा येऊन घुसलेले, एकाच साच्यातले लोक राहतात. माहीमच्या खाडीकाठचा कोळीवाडा तर १९०९ च्या मुंबई गॅझेटियरमध्येही नोंदलेला आहे. कुंभारवाडा वसवला सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांनी, तोही १९३० च्या दशकात. चामड्याच्या धंद्यात तमिळ कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, भरतकामात उत्तर प्रदेशातले कारागीर. वस्ती शहराच्या कडेलाही नाही. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या मधोमध, वांद्रे-कुर्ला संकुलाला अगदी खेटून आहे. म्हणून तर तिच्या जमिनीवर इतक्यांचा डोळा.