चार्टर बोट आणि हेडबोट: फ्लोरिडा कीजमधल्या मासेमारीच्या दोन वेगळ्या सफरी

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून बेटांची जी लांबलचक माळ की वेस्टपर्यंत गेली आहे, तिला फ्लोरिडा कीज म्हणतात. या बेटांच्या अटलांटिककडच्या बाजूला काही मैलांवर प्रवाळ खडकांची रांग आहे आणि त्या रांगेपलीकडे समुद्राचा तळ झपाट्याने खोल होत जातो. क्यूबा आणि कीज यांच्या मधून गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह सतत वाहत असतो आणि उन्हाळ्यात त्याच्या पृष्ठभागाचे तापमान 29-30 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. किनाऱ्याच्या इतक्या जवळ खोल, निळे आणि उबदार पाणी मिळत असल्यामुळे इस्लामोराडासारखी गावे हौशी मासेमारीवर उभी राहिली आहेत. तिथल्या धक्क्यांवर पर्यटकांना नेणाऱ्या दोन प्रकारच्या बोटी शेजारी शेजारी उभ्या असतात. एक चार्टर बोट आणि दुसरी हेडबोट, जिला पार्टी बोट असेही म्हणतात. जाहिरातींत दोन्हींना सर्रास ‘फिशिंग चार्टर’ म्हटले जाते आणि दोन्हींवर गळ, आमिष व कप्तान भाड्यातच मिळतात, म्हणून नवख्या माणसाला फरक फक्त किमतीचा वाटतो.

किमतीचा फरक खरोखरच मोठा आहे. हेडबोटीवर अर्ध्या दिवसाची एका माणसाची जागा साधारणपणे शंभर डॉलरच्या आत मिळते, तर खोल समुद्रात पूर्ण दिवस जाणाऱ्या चार्टर बोटीचे भाडे हजार डॉलरच्या बरेच पुढे जाते. हे भाडे अख्ख्या बोटीचे असते, मग तुम्ही दोघे जा किंवा सहा जण. खासगी गाडी आणि शेअर जीप यांच्यात जो फरक, तोच हा, असे कोणी म्हणेल, पण ती तुलना अर्धीच खरी आहे. शेअर जीप आणि खासगी गाडी शेवटी एकाच गावाला पोहोचतात. या दोन बोटी मात्र वेगवेगळ्या पाण्यात जातात, वेगवेगळे मासे धरतात आणि वेगवेगळ्या कायद्याखाली चालतात. ज्याला हे ठाऊक नसते तो खोल समुद्रातल्या माही-माही माशाच्या आशेने हेडबोटीवर चढतो, किंवा लहान मुलांना चार मासे ओढायची मजा मिळावी म्हणून हजारो डॉलरची चार्टर बोट ठरवतो, आणि मग दोघेही नाराज होऊन परततात.

आधी कायद्याचे पाहू, कारण इतर बहुतेक फरक तिथूनच निघतात. अमेरिकेत पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या लहान बोटीला कोस्ट गार्डचे तपासणी प्रमाणपत्र नसेल, तर तिला जास्तीत जास्त सहा प्रवासी नेता येतात, आणि अशा बोटीच्या कप्तानाच्या परवान्याला बोलीभाषेत ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. सहापेक्षा जास्त प्रवासी न्यायचे असतील तर बोटीची रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळावे लागते. आग्नेय अमेरिकेच्या समुद्रातील मत्स्यव्यवसायाच्या संघीय नियमांत हेडबोटीची व्याख्याही याच रेषेवर बेतलेली आहे. सहापेक्षा जास्त प्रवासी नेण्याचे वैध प्रमाणपत्र असलेली बोट म्हणजे हेडबोट. माणशी भाडे आकारणे ही तिची ओळख असली, तरी नियम पाहतो तो तपासणी आणि प्रवाशांची संख्या. ही सहाची मर्यादा मराठी कुटुंबांना अनेकदा आयत्या वेळी कळते. नवरा-बायको, दोन मुले, भारतातून आलेले आजी-आजोबा आणि कडेवरचे तान्हे बाळ असे सात जण धक्क्यावर पोहोचतात तेव्हा कप्तान नम्रपणे नकार देतो, कारण बाळही प्रवासी म्हणूनच मोजले जाते. सात जणांसाठी तपासणी झालेली मोठी चार्टर बोट शोधावी लागते किंवा हेडबोट घ्यावी लागते.

गोंधळात भर घालणारी एक बाब सरकारी कागदांतही आहे. ट्यूना, मार्लिन, सेलफिश, शार्क अशा दूरवर स्थलांतर करणाऱ्या माशांसाठी जो संघीय परवाना लागतो, त्यातल्या एका प्रकाराचे नावच ‘चार्टर/हेडबोट’ असे जोडनाव आहे, म्हणजे तिथे दोन्ही एकाच खात्यात मोडतात. मासे मोजताना मात्र त्या वेगळ्या धरल्या जातात. हेडबोटींच्या नोंदींचे स्वतंत्र सर्वेक्षण आग्नेय किनाऱ्यावर 1972 पासून चालू आहे, तर चार्टर बोटींची आकडेवारी वेगळ्या पद्धतीने जमवली जाते. प्रवाशाच्या दृष्टीने एक सोय मात्र दोन्हींकडे सारखीच आहे. बोटीकडे फ्लोरिडाचा चार्टर परवाना असेल तर तिच्यावर गळ टाकणाऱ्या पाहुण्याला मासेमारीचा स्वतःचा परवाना काढावा लागत नाही.

आता पाण्यावर काय घडते ते पाहू. कीजमधली हेडबोट धक्का सोडते आणि बहुधा खडकाच्या कडेशी, साधारण 20 ते 35 मीटर खोलीवर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला नांगर टाकते. बोटीच्या मागच्या बाजूला दळलेल्या माशांचा गोठवलेला गोळा जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात सोडतात. तो हळूहळू विरघळत जातो आणि त्याचा वास व कण प्रवाहाबरोबर खडकावर पसरतात. त्या वासाने यलोटेल स्नॅपर वर येतात. हा आपल्या तांबोशीच्या कुळातला, पण सडपातळ आणि पिवळ्या पट्ट्याचा मासा आहे आणि कीजमधल्या अर्ध्या दिवसाच्या हेडबोटीचा तो खरा आधार आहे. अनुभवी माणूस इथे तंगुसाला, म्हणजे गळाच्या बारीक दोरीला, जड वजन लावत नाही. आमिषाचा तुकडा पिशवीतून सुटलेल्या कणांच्याच वेगाने वाहत गेला पाहिजे, नाहीतर यलोटेल त्याच्याकडे बघतही नाही. म्हणून बोटीची मागची बाजू ही सर्वांत मोलाची जागा असते आणि तिच्यासाठी नेहमीचे गिऱ्हाईक तासभर आधी येऊन कठड्याला आपला रॉड टेकवून ठेवतात. पुढच्या बाजूला जागा मिळालेला माणूस तळाकडे गरी, म्हणजे गळाचा आकडा, सोडून ग्रंट, मटन स्नॅपर किंवा हेकरूच्या जातीतल्या माशांची वाट पाहतो.

हेडबोटीवर कौशल्याचा मोठा भाग शेजाऱ्यांशी जुळवून घेण्यात आहे. पंचवीस-तीस माणसे खांद्याला खांदा लावून तंगूस सोडतात, त्यामुळे जरा मोठा मासा लागून आडवा पळाला की पाच जणांची तंगुसे एकमेकांत गुंततात आणि खलाशी शांतपणे तो गुंता सोडवत बसतो. माझ्या मते चांगल्या हेडबोटीची परीक्षा तिच्या इंजिनावर किंवा रंगावर करू नये, तर गुंता झाल्यावर खलाशी किती चटकन धावून येतो यावर करावी. सर्वांत मोठ्या माशासाठी प्रत्येकाकडून थोडे पैसे गोळा करून बक्षीस ठेवण्याची पद्धतही याच बोटींवर आढळते. कोणाचा मासा कोणता हे समजावे म्हणून प्रत्येकाला क्रमांक दिला जातो आणि धरलेले मासे त्या क्रमांकाच्या दोरीत ओवून बर्फात ठेवले जातात.

चार्टर बोटीचे काम अगदी वेगळ्या तऱ्हेने चालते. ती खडकाची रांग ओलांडून गल्फ स्ट्रीममध्ये शिरते आणि सहसा नांगर टाकत नाही. दोन्ही बाजूंना लांब काठ्या बाहेर काढून, त्यांच्या टोकांशी तंगुसे चिमट्यात अडकवून, सहा-आठ नॉट वेगाने आमिषे ओढत नेली जातात, म्हणजे ती बोटीमागच्या फेसाबाहेर स्वच्छ पाण्यात पळत्या माशासारखी दिसतात. बॅलिहू नावाचा चोचीचा लहान मासा हे तिथले नेहमीचे आमिष, आणि तो गरीवर नीट बसवणे ही खलाशाची कला. कप्तान वरच्या मचाणावरून सारगॅसम शेवाळाच्या तरंगत्या पट्ट्या शोधतो. या पट्ट्यांखाली लहान मासे आसरा घेतात आणि त्यांना खायला माही-माही येतात. फ्रिगेट पक्षी घिरट्या घालताना दिसला की कप्तान बोट तिकडे वळवतो, कारण तो पक्षी अनेकदा शिकारी माशांच्या वरच उडत असतो. माही-माहीला तिथे ‘डॉल्फिन’ म्हणतात, पण सस्तन डॉल्फिनशी त्याचा काही संबंध नाही. तो फार झपाट्याने वाढणारा, चारपाच वर्षांपेक्षा क्वचितच जास्त जगणारा मासा आहे. याच पाण्यात सुरमईच्या कुळातला वाहू मिळतो आणि थंडीच्या महिन्यांत सेलफिश येतो. सेलफिशसाठी अनेक कप्तान बोट ओढत नेण्याऐवजी वाऱ्यावर पतंग सोडतात आणि त्याच्या दोरीला चिमट्याने तंगूस अडकवून जिवंत आमिष पाण्याच्या अगदी पृष्ठभागावर तडफडत ठेवतात. दक्षिण फ्लोरिडात ही पद्धत विशेष रुजली आहे.

इथे एक विसंगती सांगायला हवी. चार्टर बोटीवर भाडे देणाऱ्याच्या हाती सगळी सत्ता असते असे वाटते, पण प्रत्यक्षात मासा लागेपर्यंत त्याला करण्यासारखे फारसे काही नसते. आमिष लावणे, तंगुसांची अंतरे ठरवणे, बोट वळवणे हे सगळे कप्तान आणि खलाशी करतात. पाहुणा तासन् तास पाण्याकडे बघत बसतो आणि मग अचानक रीळ किंचाळू लागले की त्याच्या हाती रॉड दिला जातो. हेडबोटीवर उलट आहे. तिथे बोट कुठे जाईल हे तुमच्या हाती नसते, पण आमिष लावण्यापासून मासा वर काढण्यापर्यंतचे बहुतेक काम तुम्हीच करता. ज्याला स्वतः गरवायला शिकायचे आहे त्याला माझ्या मते स्वस्त सफर अधिक शिकवते. ज्याला उडणारा, झेपावणारा मोठा मासा बघायचा आहे त्याला मात्र चार्टरशिवाय पर्याय नाही. कोणाला विक्रमाची हौस असेल तर तिथे एक अडथळा आहे. 1939 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नियमांनुसार मासा लागल्यापासून रॉड त्याच माणसाने हाताळला पाहिजे. खलाशाने गरी रोवून रॉड तुमच्या हातात दिला तर तो मासा विक्रमासाठी चालत नाही.

मासे किती ठेवायचे यातही फरक आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. अटलांटिकच्या संघीय पाण्यात, म्हणजे किनाऱ्यापासून दूरच्या, केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या समुद्रात, माही-माही माणशी दिवसाला 10 ठेवता येतात. त्याशिवाय प्रत्येक बोटीवर एक एकूण मर्यादाही आहे, जी 2022 साली 60 वरून 54 वर आणली गेली. म्हणजे सहा पाहुण्यांच्या चार्टर बोटीवर हिशेबाने 60 मासे होत असले तरी 54 वरच थांबावे लागते.  हेडबोटीला मात्र ही बोटीची एकूण मर्यादा लागू नाही, तिथे पैसे भरलेल्या प्रत्येक प्रवाशामागे 10 हाच हिशेब आहे. खडकावर नांगर टाकून बसणाऱ्या हेडबोटीला इतके माही-माही मिळण्याची शक्यता कमीच, त्यामुळे कीजमध्ये ही सवलत बहुतांशी कागदावरच राहते. किनाऱ्यालगतच्या राज्याच्या पाण्यात फ्लोरिडाने मर्यादा आणखी खाली, माणशी 5 वर आणली आहे.

यलोटेल स्नॅपरचे बंधन दोन्ही बोटींवर सारखेच आहे. 12 इंचांपेक्षा, म्हणजे साधारण 30 सेंटीमीटरपेक्षा लहान मासा परत सोडावा लागतो आणि स्नॅपरच्या एकत्रित माणशी 10 च्या मर्यादेत तो मोजला जातो. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. अटलांटिकच्या बाजूला उथळ पाण्यातले ग्रुपर, म्हणजे हेकरूचे भाऊबंद, जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत ठेवता येत नाहीत. त्या काळात हेडबोटीच्या तळातल्या गरीला मोठा ग्रुपर लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तरी तो परत जातोच. खोलवरून वर आणलेल्या माशाच्या पोटातली हवा फुगते आणि नुसता टाकून दिला तर तो पाण्यावर तरंगत राहतो. म्हणून 2020 पासून दक्षिण अटलांटिकच्या संघीय पाण्यात स्नॅपर-ग्रुपर धरणाऱ्या बोटींवर माशाला पुन्हा खोलवर पोहोचवणारे साधन बाळगणे सक्तीचे आहे. सेलफिश कायद्याने 63 इंचांपेक्षा मोठा असल्यास ठेवता येतो, पण चार्टर बोटींवर तो जवळजवळ नेहमीच सोडला जातो.

धरलेला मासा कोणाचा, हे फ्लोरिडात सरळ आहे. तो पाहुण्यांचा असतो आणि तो विकता येत नाही. पण हवाई बेटांतल्या कोनाला गेलेल्यांचा इथे हमखास गैरसमज होतो. तिथे किनाऱ्यापासून काही मैलांवरच अतिशय खोल पाणी आहे आणि ज्वालामुखी पर्वतांमुळे व्यापारी वारे अडले जातात, म्हणून मार्लिनच्या चार्टरसाठी ते गाव प्रसिद्ध झाले. पण तिथे मोठा मासा बोटीकडे राहण्याची आणि कप्तानाने तो विकण्याची रूढी जुनी आहे. भाडे तेच, बोट तशीच, पण मासा घरी येत नाही, म्हणून ही गोष्ट बोट ठरवतानाच विचारून घ्यावी.

या दोघींच्या मध्ये ‘स्प्लिट चार्टर’ नावाचा तिसरा प्रकार आहे आणि गोंधळ मुख्यतः त्याच्यामुळे वाढतो. यात सहा जागांच्या चार्टर बोटीवर अनोळखी माणसे भाडे वाटून घेतात. माणशी पैसे द्यावे लागतात म्हणून ती हेडबोटीसारखी वाटते, पण पाणी, पद्धत आणि कायदा चार्टरचाच असतो. एका वेळी एकच मासा लागला तर रॉड कोणाच्या हाती जायचा, हे तिथे आधी ठरवून घेतलेले बरे. बहुतेक कप्तान पाळी लावतात.

बक्षिसीचा रिवाज दोन्हींकडे आहे आणि अमेरिकेत तो टाळता येत नाही. चार्टरवर खलाशाला एकूण भाड्याच्या 15 ते 20 टक्के देण्याची प्रथा आहे, आणि भाडे मोठे असल्यामुळे ही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी. हेडबोटीवर खलाशी धक्क्यावर येताना मासे साफ करून देतात आणि त्याची बक्षिसी त्याच वेळी द्यायची असते. समुद्र लागणाऱ्यांनी मात्र किमतीपेक्षा एका गोष्टीचा आधी विचार करावा. नांगरलेली हेडबोट लाटांवर जागच्या जागी डोलते, आणि एका माणसाला उलट्या सुरू झाल्या म्हणून ती तीस जणांना घेऊन परत वळत नाही. चार्टर कप्तान तुमच्या सांगण्यावरून परत फिरेल, पण भाडे परत मिळणार नाही. हवामानामुळे कप्तानानेच सफर रद्द केली तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते, हे दोन्ही प्रकारांत प्रत्येक बोटीचे वेगळे असते. हेडबोटीच्या बाबतीत, ठराविक किमान प्रवासी न भरल्यास ती सुटणार की नाही, हेही निघण्याच्या आदल्या संध्याकाळी फोन करून विचारावे.