किलोहर्ट्झ आणि मीटर : एकाच लहरीची दोन मापे

आकाशवाणीची उद्घोषणा जुन्या श्रोत्यांच्या कानांत अजून असेल : आधी मीटरचा आकडा, मग ‘म्हणजेच’ आणि मग किलोहर्ट्झचा आकडा. नागपूर केंद्राच्या मध्यम लहरींचे हे आकडे सुमारे ५१२.८ मीटर आणि ५८५ किलोहर्ट्झ असे येतात. त्या ‘म्हणजेच’मुळे मीटर आणि किलोहर्ट्झ ही एकाच मापाची दोन एकके आहेत, असा समज सहज होतो, प्रत्यक्षात एक आकडा मोजणीचा आहे आणि दुसरा लांबीचा.

५८५ किलोहर्ट्झ म्हणजे प्रक्षेपकाच्या मनोऱ्यातील विद्युतप्रवाह दर सेकंदाला ५,८५,००० आंदोलने पूर्ण करतो, ही वारंवारता. लहरीच्या एका शिखरापासून लगतच्या शिखरापर्यंतचे अंतर ही तरंगलांबी. रेडिओलहर सेकंदाला जवळजवळ ३० कोटी मीटर जाते आणि तेवढ्या वेळात ५,८५,००० लहरी बाहेर पडतात, म्हणून ३० कोटी मीटर तेवढ्या लहरींत वाटले की एकीच्या वाट्याला ५१२.८ मीटर येतात. (वेगाचा नेमका आकडा, २९,९७,९२,४५८, घेतल्यास उत्तर ५१२.५ येते.)

वारंवारता किलोहर्ट्झमध्ये असेल तर ३,००,००० ला आणि मेगाहर्ट्झमध्ये असेल तर ३०० ला तिने भागावे. विद्यार्थी चुकतात ते इथेच : ३०० ला ५८५ ने भागून ०.५१ मीटर लिहितात, आणि मध्यम लहर अर्ध्या मीटरची कशी असेल हा प्रश्न त्यांना पडत नाही. नागपूरच्या विविध भारतीच्या १००.६ मेगाहर्ट्झला मात्र ३०० हेच योग्य. तिची तरंगलांबी २.९८ मीटर, आणि तिचा चौथा हिस्सा, साधारण ७५ सेंटीमीटर, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या ओढून लांब केलेल्या अँटेनाएवढा.

ही दोन मापे व्यस्त प्रमाणात असल्यामुळे समान पावलांनी चालत नाहीत. आपल्याकडे मध्यम लहरींवरील केंद्रांच्या वारंवारता ९ किलोहर्ट्झच्या टप्प्यांनी ठरतात. ५८५ वरून ५९४ वर गेल्यास तरंगलांबी ७.८ मीटरने घटते. १५५७ वरून १५६६ वर जाताना तेवढ्याच टप्प्याला ती जेमतेम १.१ मीटरने घटते. म्हणूनच केंद्र ओळखण्यासाठी किलोहर्ट्झ आणि अँटेना कापण्यासाठी मीटर, ही विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते.

या दोहोंतील सर्वांत महत्त्वाचा भेद मात्र केबलमध्ये दिसतो. वारंवारता प्रक्षेपक ठरवतो आणि वाटेत माध्यम बदलले तरी ती बदलत नाही. तरंगलांबी मात्र वेगाबरोबर बदलते. नेहमीच्या कोॲक्सियल केबलमध्ये (मधोमध तार, तिच्याभोवती घन प्लास्टिकचे आवरण आणि त्यावर धातूची जाळी) लहरीचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे ६६ टक्के असतो, त्यामुळे त्याच १००.६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी तिथे १.९७ मीटरच भरते, आणि पाव तरंगलांबीचा तुकडा ७५ नव्हे, ४९ सेंटीमीटरवर कापावा लागतो.