पारा सापडतो, सोने सापडत नाही

फाइलमध्ये तीनच ओळी होत्या: सोने=७९, चांदी=४७, पारा=८०. मूलद्रव्य आणि त्याचा अणुक्रमांक. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ती फाइल वाचून डिक्शनरी बनवली, म्हणजे शब्द (‘की’) आणि त्याची किंमत (‘व्हॅल्यू’) अशा जोड्यांचा साठा. पारा विचारला, ८० आले. चांदी विचारली, ४७ आले. सोने विचारले तर ‘की-एरर’, म्हणजे अशी ‘की’च नाही. सगळ्या ‘की’ एकेक करून स्क्रीनवर छापल्या, तर सोने पहिल्याच ओळीत ठसठशीत उभे!

शेवटी त्या ‘की’ची लांबी मोजली. ‘सोने’ म्हणजे स, ओकाराची मात्रा, न, एकाराची मात्रा, असे चार संकेत (संगणकातले अक्षरांचे क्रमांक). पायथॉन सांगत होता पाच. काही एडिटर यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे मजकूर साठवण्याच्या पद्धतीत, फाइल साठवताना अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण टाकतात, तीच सोन्याला चिकटली होती. फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिले की ही खूण गळून पडते.

माणूस असता तर ‘हे सोनेच’ म्हणून पुढे गेला असता. डिक्शनरी जाऊ शकत नाही, कारण ती शोधतच नाही. दिलेल्या शब्दावरून ती एक मोठी संख्या काढते, तिला हॅश म्हणतात, आणि त्या संख्येवरून थेट कप्पा गाठते. म्हणूनच तीन नोंदी असोत की तीस लाख, उत्तर जवळपास तितक्याच वेळात येते. पण एक अक्षर बदलले की हॅश पार वेगळा. ‘साधारण असाच शब्द’ ही कल्पनाच तिथे नाही. हॅशची ही युक्ती आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये मांडली होती.

फाइल वाचण्याचा कोड तसा चार ओळींचा. लूप लावून एकेक ओळ घ्यायची, ‘स्ट्रिप’ने कडेच्या स्पेस आणि शेवटची न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) काढायची, रिकामी ओळ सोडून द्यायची, मग ‘स्प्लिट’ने बरोबरच्या (=) चिन्हावर तोडायची. एकदाच तोडा असे सांगायला विसरू नका. व्हॅल्यूमध्येही ते चिन्ह असेल तर दोनाऐवजी तीन तुकडे पडतात. एकच ‘की’ दोनदा आली तर शेवटची नोंद राहते, पहिली गुपचूप जाते. याबद्दल पायथॉन चकार शब्द काढत नाही, हे मला अजूनही खटकते.

व्हॅल्यूही सुरुवातीला मजकूरच असते. मजकूर म्हणून तुलना केली तर ऑक्सिजनचा ८ सोन्याच्या ७९ पेक्षा मोठा ठरतो, कारण पहिला अंक मोठा. म्हणून ‘इंट’ लावून मजकुराची संख्या करायची. ‘इंट’ला देवनागरी अंकही चालतात, हे अनेकांना ठाऊक नसते.

मराठी मजकुराची खरी गंमत ‘ऱ्हास’सारख्या शब्दात आहे. किरणोत्सर्गी ऱ्हासाची नोंद फाइलमध्ये आहे, पण त्यातला ऱ कसा टाइप केलाय? अक्षरांना संकेत देणाऱ्या युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र संकेत आहे. र आणि खाली नुक्ता असाही तो लिहिता येतो. शिवाय र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशीही रीत रूढ आहे. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, डिक्शनरीला मात्र ते तीन वेगळे शब्द वाटतात. पहिले दोन ‘नॉर्मलाइझ’ने एकरूप होतात. तिसऱ्याला ते लागू पडत नाही; तिथे जोडचिन्हासकट ती तिकडी शोधून ‘रिप्लेस’ने आपणच ऱ-हलन्त या जोडीत बदलायची, आणि फाइल वाचताना केली तशीच शब्द विचारतानाही.