बेघर कोण आणि झोपडीवासी कोण?

मुंबईत पुलाखाली ताडपत्री बांधून राहणारं कुटुंब आणि धारावीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतलं कुटुंब, बोलताना दोघांनाही सरसकट 'झोपडपट्टीवाले' म्हटलं जातं. सरकारदरबारी मात्र ही दोन वेगळी खाती आहेत.

२०११ च्या जनगणनेत मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे ५२ लाख माणसं मोजली गेली आणि बेघर भरले सुमारे ५७ हजार. हा दुसरा आकडा तोकडाच म्हणायला हवा. झोपडीला दार असतं, प्रगणक पुन्हा येऊ शकतो. बेघरांची मोजणी झाली २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत. लग्नाच्या मांडवात वाढपी म्हणून गेलेला, रात्रपाळीचा हमाल, त्याच संध्याकाळी हुसकावलेलं कुटुंब ठरलेल्या जागी सापडलं नाही, तर ते गणतीत आलंच नाही.

झोपडीवासीयाकडे निदान धरायला काहीतरी असतं: वीजबिल, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), जुन्या मतदारयादीतलं नाव. त्यावरून परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनासाठीच्या पात्रता यादीत, पात्रता ठरते. झोपडी १ जानेवारी २००० पूर्वीची असेल तर पुनर्वसनात घर मोफत, त्यानंतरची पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर अडीच लाख रुपये भरून. गंमत म्हणजे पदपथावर बांधलेली झोपडीही या नियमांत बसू शकते. पण त्याच पदपथावर चाळीस वर्षं उघड्यावर झोपणाऱ्याला काही नाही, कारण मोजायला बांधकामच नाही.

मग उघड्यावर राहतं कोण? भिकारी, हे लोकांचं ठरलेलं उत्तर, आणि ते बहुतांशी चुकीचं. सिग्नलला गजरे विकणारी पारधी कुटुंबं तिथेच दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत आहेत. नाक्यावरच्या मजुराला मजुरी रोजच्या रोज मिळते, पण खोलीचं डिपॉझिट एकरकमी लागतं आणि काम सुटलं की भाडं थकतं. परळला टाटा रुग्णालयाबाहेर झोपणाऱ्या अनेकांचं गावाकडे घर असतं. उपचार लांबतात तशी धर्मशाळेची मुदत संपते.

सर्वांत जास्त हाल बायकांचे. आंघोळ उजाडण्याआधी उरकायची, सार्वजनिक शौचालयाला दर खेपेला पैसे मोजायचे, रात्री पाळीपाळीने जागायचं. त्याहून वाईट गत मनोरुग्णांची, कारण त्यांच्या वतीने अर्ज करायलाही कोणी नसतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार अशा भटकणाऱ्या व्यक्तीला पोलिसांनी ताब्यात घेतल्यापासून चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं आणि बेघर असल्यास हरवल्याची नोंद करायची असते. अशा माणसाबद्दल पोलिसांना फोन करताना 'भिकारी फिरतोय' असं सांगू नका. त्या शब्दाने १९५९ चा भीकप्रतिबंधक कायदा लागतो, आणि त्यात पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं.

निवाऱ्यांचा हिशेब सोपा आहे: शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची कायमस्वरूपी सोय. २०११ च्या मुंबईची लोकसंख्या १.२४ कोटी, म्हणजे शंभर जणांचे साधारण १२४ निवारे हवेत. केवळ पुरुषांसाठीच्या निवाऱ्यात कुटुंब जात नाही, कारण नवरा आत आणि बायको-मुलं बाहेर, हे कोणाला परवडेल?

पत्ता नसला तरी मतदार होता येतं. नमुना ६ या मतदार नोंदणीच्या अर्जात झोपण्याची जागा खुणेसकट लिहायची, 'अमुक पुलाचा तिसरा खांब' अशी. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहतो, एकाहून जास्त रात्री येतो. खात्री झाली की रहिवासाचा कागद लागत नाही. अर्ज फसतो तो बहुधा जागा बदलल्यामुळे, म्हणून पडताळणी होईपर्यंत तिथून हलू नये.

मूळ कागद बोचक्यात ठेवू नयेत. पालिकेची गाडी ताडपत्री उचलते तेव्हा बोचकंही जातं, आणि त्यातले कागद पुन्हा काढावे लागतात. झेरॉक्स ओळखीच्या दुकानदाराकडे किंवा निवाऱ्याच्या काळजीवाहकाकडे ठेवावी.