पाण्याची बंदूक: हाताचा दाब, हवेचा दाब, रबराचा दाब

रंगपंचमीच्या साध्या पिचकारीत दाब साठवायची सोयच नसते. दट्ट्या ढकलाल तेवढाच फवारा. हात थांबला की धारही थांबते. त्यामुळे तिच्यात करण्यासारखं फार काही नाही: वॉशर घट्ट करा, तोटीचं भोक बदला, संपलं. खरी खटपट सुरू झाली ती दाब साठवणारी बंदूक आल्यावर.

ती केली अमेरिकेतल्या लॉनी जॉन्सन या अभियंत्याने. 1982 मध्ये तो फ्रिऑनऐवजी (फ्रिजमध्ये वापरला जाणारा वायू) पाण्यावर चालणारा उष्णता-पंप, म्हणजे उष्णता एका जागेवरून दुसरीकडे नेणारं यंत्र, करून बघत होता. नोझल बाथरूमच्या नळाला जोडलं आणि धार थेट पलीकडे गेली. पुढचा नमुना पीव्हीसी पाइप, अ‍ॅक्रिलिक आणि कोल्ड्रिंकची बाटली यांचा. पेटंट 1986 चं. लारामी कंपनीने 1990 मध्ये ती ‘पॉवर ड्रेंचर’ म्हणून आणली आणि 1991 मध्ये नाव ‘सुपर सोकर’ केलं.

यात पंप हवा भरतो आणि ती हवा पाण्याला ढकलते. दोष इथेच आहे. समजा टाकीत 400 मिली हवा वातावरणापेक्षा 3 बार जास्त दाबाने भरली (1 बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब; पुढचे आकडेही वातावरणापेक्षा जास्तीचेच). 400 मिली पाणी बाहेर पडलं की हवेला दुप्पट जागा मिळते आणि दाब 1 बारवर येतो. धारेचा वेग सेकंदाला जवळजवळ 24 मीटरवरून 14 मीटरवर घसरतो. म्हणून पहिली धार झकास, शेवटची मरतुकडी.

1996 च्या सीपीएस 2000 या सुपर सोकर बंदुकीने यावर तोड काढली. हवेऐवजी जाड रबरी फुगा. पाणी त्यातच भरायचं. ताणलेलं रबर जवळपास सारखाच दाब देत राहतं, त्यामुळे धार शेवटपर्यंत टिकते. हौशी लोकांची सर्वात नामी युक्ती इथूनच निघाली. या फुग्यावर कापलेल्या साध्या फुग्यांचे थर चढवायचे. कवच जाड, म्हणून दाब जास्त. थर एकेक वाढवत प्रत्येक वेळी पूर्ण भरून बघावं. जास्त झाले तर फुगा पुरता फुलत नाही, पाणी कमी मावतं आणि पंप हलेनासा होतो. दट्ट्या 20 मिमी व्यासाचा असेल, तर 3 बारला साधारण साडेनऊ किलोचा जोर लागतो. 6 बारला त्याच्या दुप्पट. कमी व्यासाचा पंप हलका चालतो, पण हात जास्त वेळा मारावे लागतात.

तोटी मोठी करणं सर्वात सोपं, आणि फसतंही तेच. व्यास दुप्पट केला की पाणी चौपट जायला बघतं. आतली झडप आणि नळी तेवढीच अरुंद राहिली, तर दाब वाटेतच खर्च होतो आणि समोर नुसता पसरट शिंतोडा. म्हणून जाणकार आधी आतला मार्ग रुंद करतात, मगच तोटीला ड्रिल लावतात, तेही अर्धा-अर्धा मिलिमीटर वाढवत. भोकाच्या कडेला बुरा राहिला तरी धार फाटते. ओ-रिंगला (गळती रोखणाऱ्या रबरी कडीला) व्हॅसलीन लावू नये, त्याने रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस घ्यावं.

जादा दाब सोडणारी झडप बुजवण्याचा मोह मात्र अनेकांना पडला. हवेच्या टाकीत तो महागात पडतो: पाणी दाबलं जात नाही, हवा जाते; म्हणून टाकी फुटली की साठलेली ताकद एकदम सुटते आणि प्लास्टिकचे तुकडे उडतात. उन्हात कडक झालेली पीव्हीसी तर तडकतेच.