टर्मिनलपासून सुटका

टर्मिनलमध्ये प्रोग्रॅम सुरू केला, काम अर्धवट असतानाच खिडकी बंद केली, तर बहुतेक वेळा प्रोग्रॅमही जागीच संपतो. कारण टर्मिनल गेलं की त्याला ‘सिगहप’ हा सिग्नल मिळतो. टर्मिनल फोनच्या तारेनं जोडलेलं असायचं, त्या काळातला हा सिग्नल. त्याचा मूळ अर्थ एवढाच, की पलीकडच्यानं फोन ठेवला.

वेब सर्व्हरला असं मरून चालत नाही. तो डीमन म्हणून, म्हणजे टर्मिनलविना पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्रॅम म्हणून चालतो. हे नाव १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये रुजलं. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी कल्पिलेला, वायूचे रेणू अथकपणे निवडत बसणारा डीमन त्या मंडळींच्या डोळ्यांपुढे होता. एसएसएचडी, क्रॉन्डी या डीमनच्या नावांच्या शेवटचा ‘डी’ तोच.

डीमन होण्याची जुनी रीत मला फार सुंदर वाटते. प्रोग्रॅम ‘फोर्क’ करून स्वतःची प्रत काढतो आणि मूळ प्रोसेस, म्हणजे आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम, निघून जाते. टर्मिनलमध्ये आपल्या आज्ञा चालवणाऱ्या शेलला वाटतं काम आटोपलं. मागे उरलेल्या पोरक्या प्रतीला सहसा १ क्रमांकाची प्रोसेस दत्तक घेते. मग ही प्रत ‘सेटसिड’ हाक मारून नवं सत्र उघडते, आणि जुन्या टर्मिनलशी तिचं नातं तुटतं. पण सत्राच्या प्रमुखाला, चुकून का होईना, पुन्हा एखादं टर्मिनल चिकटू शकतं. म्हणून आणखी एक फोर्क! ही दुसरी प्रत प्रमुख नसते, त्यामुळे तो धोकाही टळतो.

यानंतर डीमन ‘रूट’ या सगळ्यात वरच्या डिरेक्टरीत जाऊन बसतो, नाहीतर त्याच्या पायाखालची डिस्क काढता येत नाही. इनपुट, आउटपुट आणि त्रुटींसाठीचे ०, १ आणि २ हे तिन्ही मार्ग तो ‘डेव्ह-नल’कडे, म्हणजे लिहिलेलं सगळं गिळून टाकणाऱ्या रिकाम्या फाइलकडे वळवतो. ते नुसतेच बंद केले तर? नंतर उघडलेल्या फाइलला सगळ्यात लहान मोकळा क्रमांक मिळतो. समजा डेटाबेसच्या फाइलला १ मिळाला, तर कुठल्याशा लायब्ररीनं सहज छापलेली एक ओळ थेट डेटाबेसमध्ये घुसेल. ही चूक शोधायला माणूस दिवस घालवेल.

टर्मिनलच नाही, तर फोन ठेवल्याचा सिग्नल येणार कुठून? म्हणून अनेक डीमननी सिगहपला नवा अर्थ दिला: सेटिंगची फाइल पुन्हा वाच.

आता ही कसरत सहसा करावी लागत नाही. मॅकवर २००५ मध्ये लाँचडी आलं, लिनक्सवर २०१० मध्ये सिस्टमडी. हे व्यवस्थापक प्रोग्रॅमला पहिल्यापासूनच टर्मिनलविना जन्माला घालतात. प्रोग्रॅमनं साधेपणानं पुढ्यात चालावं आणि फोर्क करून निसटू नये, एवढीच त्यांची अपेक्षा. लिनक्सवर तर त्यानं छापलेली ओळ डेव्ह-नलमध्ये हरवण्याऐवजी, वेळेच्या नोंदीसह लॉगमध्ये जाते.